टोलच्या खात्याला दामदुपटीची मर्यादा हवी

छत्रपती संभाजीनगरहून सोलापूरकडे निघालेल्या वाहनाच्या वाटेत पाडळशिंगी, पारगाव, तामलवाडी असे टोलनाके एकामागून एक येतात. फास्टॅग आल्यापासून तिथे पैशांची देवघेव हाताने होत नाही. खात्यातून रक्कम वळती झाल्याचा संदेश मोबाईलवर येतो आणि समोरचा दांडा वर जातो. या सोयीमुळे रांगा कमी झाल्या हे खरे आहे, पण तिच्यासोबत एक प्रश्न विचारण्याची सवयही मोडत चालली आहे. हे पैसे नेमके कोणत्या खर्चापोटी घेतले जातात, त्यांतला किती खर्च आजवर वसूल झाला आणि ही वसुली कोणत्या वर्षी थांबणार, याची चर्चा आपल्याकडे एखाद्या आंदोलनापुरती होते आणि दरवाढीची तारीख उलटली की विरून जाते.

टोलचा हेतू माझ्या मते एकच असू शकतो. एखादा ठरावीक रस्ता किंवा पूल उभारण्यासाठी जो पैसा आगाऊ घालावा लागला, तो वाजवी व्याजासह त्या रस्त्याचा वापर करणाऱ्यांकडून थोडाथोडा परत मिळवायचा आणि तोवर रस्ता नीट राखायचा, एवढाच तो हेतू. म्हणजे टोल हे वापरणाऱ्यांच्या माथ्यावरचे कर्ज आहे आणि ते त्यांच्या वतीने सरकारने काढलेले आहे. कर्ज म्हटले की मुद्दल किती, व्याजाचा दर काय, फेड किती झाली आणि बाकी किती उरली, हे ऋणकोला कळले पाहिजे. आणि बाकी फिटली की वसुली थांबली पाहिजे किंवा देखभालीच्या खर्चाइतकी खाली आली पाहिजे. ही साधी अपेक्षा बहुतेक नाक्यांवर पुरी होत नाही. टोलविषयीच्या संतापाचे मूळ दरापेक्षा या ठिकाणी अधिक आहे.

कायद्याची भाषाही याच दिशेने जाते. १८५१ च्या टोल कायद्याने सरकारी खर्चाने बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या रस्त्यांवर आणि पुलांवर टोल बसवण्याचा अधिकार दिला. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ७ मध्ये नदी ओलांडणाऱ्या नावा, कायमचे पूल, बोगदे आणि महामार्गाचे भाग यांच्या वापरासाठी शुल्क घेण्याची तरतूद आहे, आणि ते शुल्क पुरवलेल्या सेवेच्या किंवा मिळालेल्या लाभाच्या बदल्यात आहे असे त्यातच म्हटले आहे. महाराष्ट्रात राज्याच्या रस्त्यांवरचा पथकर १९५८ च्या मोटार वाहन कर अधिनियमाच्या कलम २० खाली बसतो. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली उत्तर प्रदेशातील एका पुलाच्या प्रकरणात टोल हा भरपाईच्या स्वरूपाचा असतो, महसूल वाढवण्याचे ते साधन नव्हे, ही भूमिका मांडली. भरपाई म्हटल्यावर भरून काढायची रक्कम आधी मोजावी लागते, आणि ती मोजली की ती कधीतरी संपतेही.

मराठवाड्याला नाक्याचा दुसरा अर्थही ठाऊक आहे. निजामी राजवटीत करोडगिरीचे, म्हणजे मालावर कर घेणारे, नाके होते, पुढे नगरपालिकांचे जकात नाके आले आणि महाराष्ट्रातल्या नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये रद्द होईपर्यंत ते आपल्या गावांच्या वेशीवर उभे होते. ती वसुली उघडपणे महसुलासाठी होती. तिच्या बदल्यात अमुक एक रस्ता किंवा पूल देऊ असे कोणी म्हटले नव्हते, त्यामुळे तिला शेवटही नव्हता. टोलनाक्याला पाहून जुन्या माणसांच्या मनात तीच जकात जागी होते, आणि टोलचा हिशेब जितका बंद राहील तितकी ही समजूत खरी ठरत जाईल.

इथे एक नेहमीचा आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गाडी घेताना कर भरला, प्रत्येक लिटरमागे कर भरतो, मग त्याच रस्त्यासाठी पुन्हा टोल का? याचे उत्तर असे की वाहनावरचा कर राज्याच्या संचित निधीत जातो आणि तिथून तो शिक्षकांच्या पगारापासून दुष्काळातल्या टँकरपर्यंत कशावरही खर्च होऊ शकतो. कर देणाऱ्याला त्याबदल्यात ठरावीक रस्ता मिळण्याचा हक्क करातून निर्माण होत नाही. इंधनावरच्या उपकराची गोष्ट मात्र निराळी आहे. १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर होते, तेच जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्त्यांचा भार प्रांत आणि जिल्हा बोर्डांना झेपण्यापलीकडे गेला आहे, तेव्हा मोटारीच्या इंधनावर जादा कर बसवून तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा, अशी त्या समितीची शिफारस होती आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी त्यातूनच उभा राहिला. २००० च्या कायद्याने त्याला वैधानिक रूप मिळाले. २०१८ मध्ये त्याच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द आले आणि त्यातला पैसा रस्त्यांपलीकडेही जाऊ लागला. म्हणून आक्षेपातला अर्धा भाग मला मान्य आहे. रस्त्यासाठी म्हणून घेतलेला उपकर रस्त्याकडे पुरता वळत नसेल, तर त्याच रस्त्यावर टोल मागणाऱ्या सरकारने उपकराचा हिशेबही सोबत मांडला पाहिजे.

जयकर समितीचा विचार मला आजही मोलाचा वाटतो, कारण त्यात दोन गोष्टी स्वच्छ वेगळ्या आहेत. सगळ्यांच्या रस्त्यांसाठी सगळ्यांकडून, वापराच्या प्रमाणात, इंधनावाटे पैसा घ्यावा. आणि ज्याला नाव, अंदाजपत्रक आणि कर्ज आहे अशा एखाद्या मोठ्या कामासाठीच टोल घ्यावा. आज या दोहोंची सरमिसळ झाली आहे आणि तिचे परिणाम कमी वाहतुकीच्या भागांना जास्त जाणवतात.

कर्जाचे खाते बिघडते कसे, याचे देशातले सर्वांत बोलके उदाहरण दिल्ली आणि नोएडा यांना जोडणाऱ्या उड्डाणमार्गाचे आहे. सुमारे ४०८ कोटींचा हा प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला. करार १९९७ चा होता आणि त्यात कंपनीला एकूण खर्चावर वर्षाला २० टक्के परतावा मिळेल अशी हमी होती. टोलमधून तेवढा परतावा न मिळाल्यास राहिलेली रक्कम खर्चातच मिळवायची आणि पुढच्या वर्षी त्या वाढलेल्या खर्चावर पुन्हा २० टक्के मोजायचे, असे ते सूत्र होते. वाहने वर्षानुवर्षे पैसे देत राहिली आणि बाकी घटण्याऐवजी मूळ खर्चाच्या कित्येक पटींनी वाढत गेली. २०१६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तिथली वसुली थांबवली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे सूत्र समजावून सांगावे लागत नाही. मुद्दलात व्याज मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावणारी सावकारी वही त्याच्या दोन पिढ्यांनी पाहिलेली आहे आणि त्या वहीत गेलेले शेत परत आले नाही हेही पाहिलेले आहे. म्हणूनच आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता: कोणत्याही एका वेळी थकलेले व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हा नियम पाळला, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यातही मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करण्यास मनाई आहे. गावातल्या सावकाराला जी मर्यादा आपण घालून दिली, ती हजारो कोटींच्या करारांना मात्र लागू नाही. टोलच्या प्रत्येक खात्याला ती लावावी, अशी माझी मागणी आहे. नाक्याच्या खात्यावर कोणत्याही दिवशी दाखवली जाणारी बाकी मूळ खर्चाच्या दुपटीवर कधीही जाता कामा नये.

यावर महागाईचा मुद्दा काढला जाईल. वीस-पंचवीस वर्षांच्या कर्जात आजच्या रुपयाची किंमत उद्या राहत नाही, तेव्हा दुपटीची रेघ गुंतवणूकदाराला अन्यायकारक ठरेल, असे म्हटले जाईल. परंतु दामदुपटीत एकूण किती व्याज मिळावे यावर बंधन नाही. नियमित फेड होत असेल तर धनको पंचवीस वर्षे व्याज घेऊ शकतो. बंधन आहे ते न फिटलेल्या बाकीने फुगत जाण्यावर. शिवाय टोलच्या दरात महागाई आधीच धरलेली असते. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांत दरवर्षी ३ टक्क्यांची ठरलेली वाढ आहे आणि तिच्यावर घाऊक किंमत निर्देशांकातल्या वाढीच्या ४० टक्के आणखी वाढ आहे. इतके असूनही एखाद्या रस्त्याची बाकी मूळ खर्चाच्या दुपटीपर्यंत पोचत असेल, तर तो रस्ता टोलवर फिटणारा नव्हता असाच त्याचा अर्थ आहे, आणि ती चूक वाहनधारकाने पिढ्यान्‌पिढ्या भरून द्यावी असे म्हणता येत नाही. तिथे सरकारने विधिमंडळापुढे किंवा संसदेपुढे यावे, तूट जाहीर करावी आणि ती अंदाजपत्रकातून भरावी.

त्याच २००८ च्या नियमांत एक समंजस तरतूद होती. भांडवली खर्च वसूल झाला किंवा कराराची मुदत संपली की शुल्क ४० टक्क्यांवर आणायचे, म्हणजे पुढे फक्त देखभालीपुरते घ्यायचे. २०२३ मध्ये नियम बदलले आणि ही उतरण गेली. खर्च वसूल झाल्यावरही पूर्ण दराने, दरवर्षीच्या वाढीसह, शुल्क चालू राहू शकते. या बदलाची मराठी वर्तमानपत्रांत आणि सभागृहांत जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही, याचे मला फार वाईट वाटते, कारण या एका बदलाने टोलचे कर्जपण संपले आणि तो कायमचा महसूल झाला. यामागचे कारण लपलेले नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणावरचे कर्ज २०२२ पर्यंत ३ लाख कोटींच्या वर गेले होते, आणि तयार रस्त्यांचा पुढच्या वीस-तीस वर्षांचा टोल एकरकमी पैशांत विकून नवे रस्ते बांधणे हा रूढ मार्ग बनला आहे. आपल्याच राज्यात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या टोलचे हक्क २००४ मध्ये पंधरा वर्षांसाठी ९१८ कोटींना दिले गेले आणि ती मुदत संपल्यावर २०३० पर्यंतच्या पुढच्या हक्कांसाठी ८,२६२ कोटींचा सौदा झाला. रस्ता तोच आहे. दुसऱ्या सौद्यातला किती पैसा त्या रस्त्याच्या कर्जापोटी गेला आणि किती इतर कामांना, हे त्या मार्गावरून रोज जाणाऱ्याला कोणत्याही फलकावर वाचता येत नाही.

आता मराठवाड्याच्या दृष्टीने अवघड प्रश्नाकडे येतो, आणि तो माझ्याच मागणीला अडचणीत आणणारा आहे. प्रत्येक रस्त्याचे खाते वेगळे ठेवायचे म्हटले, तर मुंबई-पुण्यासारख्या गर्दीच्या मार्गाचे खाते लवकर बंद होईल आणि परभणी, हिंगोली, धाराशिव अशा जिल्ह्यांतल्या रस्त्यांचे खाते उघडेच राहील. राष्ट्रीय महामार्गांवर किलोमीटरमागचा पायाभूत दर देशभर सारखा आहे. वाहने मात्र सारखी नाहीत. दिवसाला चाळीस हजार वाहने जाणारा रस्ता आणि पाच हजार जाणारा रस्ता सारख्याच खर्चात बांधला, तर दुसऱ्याची फेड आठपट काळ चालेल, आणि व्याज धरले तर कदाचित कधीच पुरी होणार नाही. म्हणजे जो भाग आधीच मागे आहे त्याने जास्त वर्षे टोल भरावा, असा याचा अर्थ निघतो.

म्हणून काही जाणकार उलट बाजूने युक्तिवाद करतात. सारे रस्ते मिळून एक जाळे आहे, गर्दीच्या रस्त्याने कमी गर्दीच्या रस्त्याला पोसावे, आणि त्यासाठी टोल कायम राहिला तरी हरकत नाही. यात मराठवाड्याचाच फायदा आहे, असे ते म्हणतात. हा युक्तिवाद मी हलक्यात घेत नाही. पण त्यात दोन खोट आहेत. पुण्याच्या नाक्यावर गोळा झालेला पैसा मराठवाड्यातल्या रस्त्यावरच खर्च होईल याची कोणतीही हमी त्यात नाही. तो कुठे जाईल हे प्राधिकरण ठरवते, निवडून आलेले सभागृह ठरवत नाही. दुसरे असे की सगळ्यांकडून घेऊन सगळ्यांसाठी वापरायचे असेल तर त्याला कर म्हणावे, तो सभागृहात मांडावा, त्यावर मतदान व्हावे आणि तो इंधनावाटे घ्यावा. त्यासाठी जयकर समितीने आखून दिलेला मार्ग शंभर वर्षांपूर्वीच उपलब्ध झाला आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्या वाढल्या की इंधनावरचा उपकर घटेल हे खरे, आणि त्याची सोय करावी लागेल. पण ती सोयही कायद्यातून व्हावी.

मग कमी वाहतुकीच्या रस्त्याचे काय? माझे उत्तर असे की खाते उघडतानाच नावे किती रक्कम टाकायची हे बदलले पाहिजे. महाराष्ट्रात प्रादेशिक असमतोलाची मोजणी करण्यासाठी १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. तिने १९८४ च्या अहवालात ज्या क्षेत्रांतला अनुशेष मोजला त्यांत रस्ते होते. राज्यघटनेच्या कलम ३७१ (२) मध्ये मराठवाडा आणि विदर्भासाठी विकासखर्चाच्या न्याय्य वाटपाची जबाबदारी राज्यपालांवर टाकता येते, आणि त्यानुसार १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. अनुशेष म्हणजे जो रस्ता इतरांना तिजोरीतून मिळाला आणि आपल्याला मिळाला नाही, तो. असा रस्ता जेव्हा ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या पद्धतीने बांधला जातो आणि त्याचा पूर्ण खर्च इथल्या वाहनांच्या नावे लिहिला जातो, तेव्हा अनुशेषाची भरपाई ज्यांचा अनुशेष आहे त्यांच्याकडूनच करून घेतली जाते. रस्त्याचा जो हिस्सा मागासलेपण भरून काढण्यासाठी आहे, तो राज्याने अनुदान म्हणून घालावा आणि उरलेलाच टोलच्या खात्यात जावा. यासाठी नवी यंत्रणाही लागत नाही. व्यवहार्यता तूट निधीची, म्हणजे नुसत्या वसुलीवर न परवडणाऱ्या प्रकल्पाला अनुदान देण्याची, केंद्र सरकारची योजना आहे. हायब्रीड ॲन्युइटी पद्धतीत ४० टक्के रक्कम सरकार बांधकामाच्या काळातच देते, उरलेली ठेकेदाराला हप्त्यांनी मिळते आणि वाहने कमी आली तर त्याची झळ त्याला बसत नाही. मात्र त्या पद्धतीत सरकारने घातलेला अनुदानाचा हिस्सा टोलच्या वसूलपात्र खर्चातून वगळला जातो की नाही, हे प्रत्येक नाक्यावर लिहिलेले असले पाहिजे.

पर्यायी रस्ता असणे किंवा नसणे याने टोलचा न्याय पार बदलतो, आणि मराठवाड्यात या दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी आहेत. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून तो कोऱ्या जमिनीवरून नव्याने गेला. त्याचा मोटारीचा दर २०२५ मध्ये किलोमीटरला २ रुपये ६ पैसे झाला, म्हणजे पूर्ण अंतराला साधारण १,४४५ रुपये. दर चढा आहे, तरी त्यात सक्ती नाही. जालन्याजवळ निधोन्याच्या चौकातून चढून संभाजीनगरजवळ सावंगीला उतरायचे की जुन्या जालना रस्त्याने जायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. वेळ वाचवण्याची किंमत ज्याला परवडते आणि ज्याला ती घ्यायची आहे, तो ती देतो. ज्या दिवशी ती जास्त वाटेल त्या दिवशी तो खाली उतरेल.

धुळे-सोलापूर महामार्गाचे तसे नाही. तो जुन्याच रस्त्याच्या रुंदीकरणातून झाला. गेवराईहून बीडला न्यायालयात, बीडहून संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, येरमाळ्याहून धाराशिवला जिल्हा कचेरीत जाणाऱ्यासाठी जो रस्ता पूर्वी होता, तोच आता टोलचा आहे. विकासाला विरोध म्हणून मी हे म्हणत नाही. हा महामार्ग चौपदरी झाल्याने प्रवास सुकर झाला, हे कोणीही नाकारणार नाही. पण जिथे दुसरी वाट उरलेलीच नाही तिथे टोलला स्वेच्छेने दिलेली किंमत म्हणता येत नाही, आणि म्हणून तिथे दर, सवलत आणि शेवट यांचे नियम कडक असायला हवेत. नियमांत २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी वाहनांसाठी मासिक पास आहे, ऑगस्ट २०२५ मध्ये खासगी मोटारींसाठी ३,००० रुपयांत दोनशे फेऱ्यांचा वार्षिक पास आला, म्हणजे तेव्हाच्या दराने फेरीला पंधरा रुपये. एसटीला असा पास नाही. ज्या बसमध्ये तालुक्याला निघालेली, स्वतःची गाडी नसलेली माणसे बसतात, तिला बसचा पूर्ण दर आणि तो शेवटी तिकिटात. हा क्रम मला उलटा वाटतो.

घेतलेल्या पैशाच्या बदल्यात रस्ता वापरण्याजोगा असला पाहिजे, ही अट इतकी उघड आहे की तिच्यासाठी न्यायालयात जावे लागावे हेच दुःखद आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने पालियेक्कराच्या नाक्यावरची वसुली रस्त्याच्या दुर्दशेमुळे चार आठवडे थांबवली, आणि प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा तिथेही तो आदेश कायम राहिला. आपल्याकडे याच धुळे-सोलापूर मार्गावर कन्नडजवळचा औट्रम घाट वर्षानुवर्षे कोंडीचा आहे, बोगद्याची चर्चा दीर्घकाळ चालू आहे आणि ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने घाटातून अवजड वाहनांना बंदी केली. ज्या मालमोटारींना सलग महामार्ग मिळत नाही, वळसा घालून जावे लागते, त्यांच्याकडून घाटाच्या अलीकडे आणि पलीकडे मात्र महामार्गाचा दर घेतला जातो. सलगता हा महामार्गाचा गाभा आहे. ती तुटली असेल तेवढ्या काळापुरता दर आपोआप उतरावा, अर्ज-विनंत्यांची गरज पडू नये, असे कलम करारात असायला हवे.

मालमोटारींचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नोंदवतो. रस्ता झिजवण्यात मोटारींचा वाटा नगण्य असतो. आसावरचा (ॲक्सलवरचा) भार वाढला की नुकसान साधारण त्या प्रमाणाच्या चौथ्या घाताने वाढते, हा रस्ते अभियांत्रिकीतला जुना आडाखा आहे. २०१८ मध्ये चार टायरच्या एका आसावरची परवानगी १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली, म्हणजे भार १३ टक्क्यांच्या आसपास वाढला आणि या आडाख्याप्रमाणे झीज साठ टक्क्यांनी. त्याहूनही जड भरलेले वाळूचे हायवा (डंपर) गोदाकाठच्या गावांतून ज्या रस्त्यांवरून धावतात, त्यांवर ना टोल आहे ना देखभालीचा पैसा. टोलच्या चर्चेत हे रस्ते कधी येतच नाहीत, आणि मराठवाड्यातला माणूस दिवसातला बहुतेक प्रवास त्यांच्यावरूनच करतो.

टोलमाफीच्या घोषणांबद्दलही मला तितक्याच स्पष्टपणे बोलावेसे वाटते. कोल्हापूरकरांनी एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली शहरातल्या टोलविरुद्ध जो लढा दिला तो हिशेबाचा लढा होता. कामाचा दर्जा आणि कामाची किंमत यांच्या फेरमोजणीची मागणी त्यात होती, आणि २०१५ च्या अखेरीस तो टोल रद्द झाला. त्याच वर्षी १ जूनपासून राज्याने १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर मोटारी, एसटी आणि शाळेच्या बसना सूट दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना माफी मिळाली. लोकांना आनंद झाला, आणि तो समजण्यासारखा आहे. पण करार चालू असताना दिलेली सूट म्हणजे ठेकेदाराला तिजोरीतून भरपाई, आणि ती तिजोरी भरणाऱ्यांत पाथरीचा शेतमजूर आहे, ऊसतोडीसाठी सहा महिने कारखान्याच्या आवारात राहणारे बीडचे कुटुंब आहे. मुंबईत मोटारीने शिरणाऱ्याचा टोल त्यांनी साखरेवरच्या आणि काडेपेटीवरच्या करातून का भरावा? एसटीला दिलेली सूट मला योग्य वाटते. मोटारींना सरसकट दिलेली सूट योग्य वाटत नाही. खर्च फिटला असेल तर नाका सगळ्यांसाठी उठावा, फिटला नसेल तर ज्याने रस्ता वापरला त्याने द्यावे.

जालना-नांदेड द्रुतगती मार्ग समृद्धीला जोडला जाणार आहे. सुमारे १७९ किलोमीटरच्या या मार्गासाठी जालना, परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या जात आहेत आणि मोबदल्याच्या दरावरून त्यांची आंदोलने झाली आहेत. त्याच्या पलीकडे ८०२ किलोमीटरचा आणि ८६ हजार कोटींचा म्हणून जाहीर झालेला शक्तिपीठ महामार्ग आहे, ज्याच्या आखणीत मराठवाड्याचे सहा जिल्हे आले. जमिनीच्या मोबदल्याची चर्चा व्हायलाच हवी. पण टोलची चर्चा रस्ता उघडल्यावर सुरू करण्याची आपली जुनी खोड आहे, आणि तोवर कराराची शाई वाळलेली असते. परभणीचा आमदार, नांदेडचा खासदार, व्यापाऱ्यांच्या संघटना आणि जमीन देणारी गावे यांनी आताच विचारले पाहिजे की या मार्गाच्या खात्यात नावे किती टाकणार, त्यातून अनुशेषापोटी राज्य किती उचलणार, परताव्याचा दर काय धरला आहे, बाकीला दामदुपटीची मर्यादा आहे का आणि खाते कोणत्या वर्षी मिटेल असा अंदाज आहे. ही पाच उत्तरे विधिमंडळाच्या पटलावर ठेवावीत आणि पुढे दर तिमाहीला प्रत्येक नाक्याच्या फलकावर, दरपत्रकाच्या शेजारी, मराठीत आणि दुरून वाचता येतील एवढ्या अक्षरांत, त्या दिवसाची बाकी लिहावी. आज त्या फलकावर कोणाला सूट आहे याची यादी असते. खासदार, आमदार, न्यायाधीश यांची पदे तिथे क्रमाने लिहिलेली असतात. बाकीच्या एका ओळीला तिथे जागा सहज होईल.